बांधाचे तीन मीटर

विजयमाला बाईंनी बावीस वर्षं गणित शिकवलं. त्या बावीस वर्षांत फळ्यावर ज्या चुका झाल्या त्या डस्टरनं पुसल्या गेल्या, कुणाच्या लक्षातही नाहीत. पण एक चूक फळ्यावर झालीच नाही. पोरांना एक वाक्य सांगायचं राहून गेलं, एवढंच झालं. त्या एका वाक्यापायी कुरणवाडीत एक माणूस जिवानिशी गेला, त्याचा सख्खा भाऊ तुरुंगात गेला, आणि मेलेल्या माणसाला गाव आजही बांध कोरून भावाचं रान खाणारा म्हणून नावं ठेवतं. तो तसला नव्हता. ज्यांना हे ठाऊक आहे ते बोलत नाहीत, आणि जे बोलतात त्यांना काही ठाऊक नाही.

बाई मूळच्या आटपाडीकडच्या. वडील ज्योतिबा मेंढरं राखायचे. दिवाळी झाली की घोड्यावर बिऱ्हाड टाकायचं, कळप पुढं घालायचा आणि पाण्याच्या मुलखात उतरायचं, ही त्यांची जिंदगी. ज्याच्या रानात मेंढरं बसवायची त्याचं रान खतावतं, म्हणून शेतकरी बोलावून न्यायचे. स्वतःचं म्हणून रान घरात कधी नव्हतंच. बांध म्हणजे जिथं गवत जरा बरं मिळतं आणि कुणी हाकलत नाही ती जागा, एवढीच बाईंची बांधाशी ओळख. मामाकडं राहून शिकल्या, बी.एड. झाल्या आणि इस्लामपूरपासून नऊ किलोमीटरवरच्या कुरणवाडीच्या हायस्कुलात लागल्या. नवरा पाटणला बँकेत, शनिवारी रात्री यायचा, सोमवारी पहाटे जायचा. बाई रोज स्कूटीवरून शाळेत.

ऊसवाल्या गावात इतकी वर्षं काढूनही एक गोष्ट त्यांच्या अंगात भिनली नाही. इथं माणूस बायकोशी भांडून जेवायला बसतो, पोराला बडवून जेवायला बसतो. पण बांधाला शेजाऱ्याचा नांगर वीतभर लागला तर त्या दिवशी त्याच्या घशाखाली घास उतरत नाही. बाईंनी हे ऐकलं होतं, हसण्यावारी नेलं होतं. एखादा गावातलाच शिक्षक असता तर त्यानं दोन्ही हात जोडून सांगितलं असतं, की बाई, काय वाटेल ते करा पण पोरांना रानं मोजायला लावू नका. बाईंना तसं सांगणारं कुणी नव्हतं, आणि असतं तरी त्यांनी ऐकलं असतं असं नाही. आपल्या विषयावर जीव असलेली माणसं जरा हट्टीच असतात.

झालं असं. दहावीला निर्देशक भूमिती असते. दोन रेघा आखायच्या, एक आडवी एक उभी, आणि जगातला कुठलाही बिंदू दोन आकड्यांत सांगायचा. चौकोनाचे चार कोपरे आकड्यांत मांडले की तो आयत आहे की समलंब की आणखी काही, हे न बघता सांगता येतं. समोरासमोरच्या बाजू सारख्या, दोन्ही कर्ण सारखे आणि ते एकमेकांना बरोबर मध्यावर छेदतात, तर तो आयत. बाई दरवर्षी गट पाडून पोरांकडून कबड्डीचं मैदान मोजून घ्यायच्या. मैदान दरवर्षी आयतच निघायचं. त्या वर्षी सांगलीला प्रशिक्षणात कुणीतरी सांगितलं, मुलांच्या परिसरातलं गणित घ्या. बाईंच्या मनानं घेतलं. परत आल्या आणि वर्गात म्हणाल्या, "या वेळी प्रत्येक गटानं एक शेत घ्यायचं. ऊस उभा आहे, आत शिरून कर्ण मोजता येणार नाही. म्हणून तर सूत्र शिकलोय आपण."

पोरं खूष. रानात हुंदडायला मिळणार म्हटल्यावर कोण खूष होणार नाही?

तिसऱ्या गटात चौघं होती. पल्लवी आणि पप्पू ही दोघं दोरी धरण्यापुरती आणि पेरू खाण्यापुरती. खरं काम शिवांजली आणि ऋषिराज यांचं. ही दोघं सख्खी चुलत भावंडं. मळ्यात शेजारी-शेजारी घरं, एकाच सायकलीवरून शाळेत. शिवांजली वर्गात पहिली, तोंडानं फटकळ. ऋषिराज हुशारच, पण चारचौघांत त्याचा आवाज निघायचा नाही. ती म्हणेल ते खरं, असा त्याचा लहानपणापासूनचा स्वभाव.

ऋषिराजचे वडील नाथाजी हे थोरले. शिवांजलीचे वडील वीरधवल धाकटे, सतरा वर्षं फौजेत काढून दोन वर्षांपूर्वी घरी आलेले. त्यांच्या वडिलांनी जिवंतपणीच रानाचे दोन भाग केले होते. पाण्याच्या पाटाकडचा, पश्चिमेचा धाकट्याला, पलीकडचा थोरल्याला, मधे बांध. वीरधवल सरहद्दीवर असताना दोन्ही तुकडे नाथाजींनीच पिकवले. भाऊ सुट्टीवर आला की त्याला हाताला धरून बांधावरून फिरवायचे, हे तुझं, हे माझं, बघून घे म्हणायचे. वीरधवल तेवढ्यापुरता हसायचा. पण सतरा वर्षं दुसऱ्यानं कसलेलं रान, म्हटल्यावर माणसाच्या मनात एक बारीक खुटखुट राहतेच. ती त्याच्याही मनात होती.

शिवांजलीनं आपलंच रान घेतलं. घराजवळ होतं, सोपं होतं.

आता टेपाचं सांगायला हवं. शाळेत तीस मीटरचा एक कापडी टेप होता. सहा वर्षांपूर्वी क्रीडास्पर्धांत त्याचं टोक फाटलं. शिपायानं पहिला मीटरभर तुकडा कापून टाकला आणि कडी पुढं शिवून दिली. म्हणजे टेप शून्यापासून नाही, एकापासून सुरू व्हायचा. पूर्ण टेप टाकला की आकडा तीस दिसायचा, जमीन मात्र एकोणतीस मीटरच मापलेली असायची. नव्या टेपाची मागणी दरवर्षी जायची आणि दरवर्षी कुठंतरी अडकायची. म्हणून बाई दरवर्षी पोरांना बजावायच्या, "जितके टेप टाकाल तितके मीटर शेवटी वजा करा." कबड्डीच्या मैदानाला ते अंगवळणीच पडलं होतं.

त्या शनिवारी बाई गटांबरोबर जाणार होत्या. तेवढ्यात मुख्याध्यापकांचं बोलावणं आलं. शाळेची सगळी माहिती दुपारपर्यंत ऑनलाइन भरायची होती. पटसंख्या, संडास, नळ, खिडक्या. बाई कॉम्प्युटरपुढं बसल्या. शिवांजली दारात येऊन म्हणाली, "बाई, टेप?"

"कपाटात आहे, घेऊन जा," बाई म्हणाल्या. मान वर न करता म्हणाल्या. वजा करायचं वाक्य तिथं सांगायचं होतं. ते राहिलं.

गटानं पाटाच्या कडेनं टेप टाकला. बरोबर चार टेप बसले. एकशे वीस. मग उत्तरेची बाजू. बरोबर तीन टेप. नव्वद. पोरं उड्या मारायला लागली, इतके स्वच्छ आकडे पुस्तकातसुद्धा येत नाहीत. सोमवारी उरलेल्या दोन बाजू घ्यायला गेली तर टेप खेळाच्या सरांनी मैदान आखायला नेलेला. चौघं विहिरीपाशी बसून राहिली. तिथून नाथाजी चालले होते.

"काय मोजाय लागलाय रं?"

"रान आयत हाय का न्हाई ते बगायचंय, तात्या," शिवांजली म्हणाली. नाथाजींना घरात सगळे तात्याच म्हणायचे.

"मग आयतच हाय की! माज्या बानं दोरी धरून घातलाय ह्यो बांध, मी दोरीचं टोक धरलं हुतं. थांबा, माजा टेप देतो. ठिबकची पाइप टाकताना घेतलाय, पोलादी हाय."

ते घरी जाऊन टेप घेऊन आले. नुसता आणला नाही, दक्षिणेच्या बाजूला एक टोक स्वतः धरून उभे राहिले. सत्त्याऐंशी मीटर भरलं. मग बांधाकडेनं, पोराबरोबर. एकशे सोळा. शिवांजलीनं दोन्ही आकडे वहीत लिहिले, दोन्हींपुढं कंसात 'तात्यांचा टेप' असंही लिहिलं. पोरगी नीटनेटकी होती.

दुसऱ्या दिवशी वर्गात गट बसला. पाटाची बाजू उभा अक्ष, दक्षिणेची बाजू आडवा अक्ष. दोन्ही कोपऱ्यांचे काटकोन बाईंनी शिकवल्याप्रमाणं तीन-चार-पाचच्या दोरीनं तपासलेले. चार बिंदू मिळाले: (०, ०), (८७, ०), (९०, १२०), (०, १२०). शिवांजलीनं अंतराचं सूत्र घातलं. एक कर्ण आला दीडशे. नेमका दीडशे, दशांश चिन्हसुद्धा नाही. दुसरा आला एकशे अठ्ठेचाळीस पूर्णांक दोन. मध्यबिंदू काढले, ते दीड मीटरनं वेगळे. कर्ण एकमेकांना दुभागत नव्हते. बांधाची बाजू सूत्रानं काढली, ती आली एकशे वीस आणि वर थोडं.

"ऋष्या, आन् ह्ये एकशे सोळा कुठनं काढलंस?"

"तात्यांनी आन् मी मोजलं की."

"मग चुकलंय तुमचं. बग की, कर्ण पूर्ण दीडशे आलाय. गणित चुकलं आसतं तर पूर्ण आला आसता का?"

ऋषिराजनं कागदाकडं पाहिलं. "आसल. माजंच चुकलं आसल."

शिवांजलीनं एकशे सोळावर दोन रेघा ओढल्या.

यात पोरीचा दोष काढावा तर तोही काढवत नाही. बाईच वर्गात सांगायच्या, उत्तर वेडंवाकडं आलं की पुन्हा तपासा. पोरांनी त्याचा उलटा अर्थ घेतला, की उत्तर गोजिरं आलं तर तपासायचं काम नाही. गणितात चांगले मार्क मिळवत आलेल्या प्रत्येक पोराची ही श्रद्धा असते. आणि बाईंनी काय केलं? वही तपासली, दीडशेखाली लाल शाईनं बरोबरची खूण केली आणि 'छान' लिहिलं. मागच्या पानावर खोडलेला आकडा होता, त्याच्यावरही खूण केली. न वाचता.

डिसेंबरात शाळेत गणित दिन झाला. व्हरांड्यात तक्ते लावले, पालक बोलावले. बायाबापड्या आल्या, टोपीवाले आले, वीरधवल इस्त्रीचा शर्ट घालून आला. नाथाजी मागं खांबाला टेकून उभे होते, पोराचा तक्ता बघायला आलेले. ऋषिराजनं तक्ता दोन्ही हातांनी धरला आणि शिवांजलीनं पट्टी घेऊन सांगायला सुरुवात केली. आवाज खणखणीत.

"म्हणून हे शेत आयत नाही. आम्ही सिद्ध केलं आहे, की उत्तरेला रुंदी नव्वद मीटर आहे आणि दक्षिणेला सत्त्याऐंशी. पाट सरळ आहे. म्हणजे पूर्वेची हद्द, मधला बांध, दक्षिणेच्या टोकाला तीन मीटर आत आली आहे."

पहिली टाळी बाईंनी वाजवली. हे त्या कधीच विसरू शकल्या नाहीत. आपली विद्यार्थिनी न अडखळता बोलते आहे, एवढंच त्यांना दिसलं. मागून टाळ्या आल्या नाहीत. बायकांनी पदर तोंडाला लावले. वीरधवल तक्त्याजवळ आला, बोट ठेवून त्यानं ती तिरकी रेघ वरून खालपर्यंत पाहिली. सतरा वर्षं नकाशावर विसंबून जगलेला माणूस तो. मग वळून थोरल्या भावाकडं पाहिलं. नाथाजी अजून पोराच्या तक्त्याकडंच बघत होते. त्यांना काय झालं हेच कळलं नव्हतं.

पुढचं बाईंना दुसऱ्या दिवशी शाळेत कळलं. दिवस मावळायच्या आत दोघं भाऊ बांधावर उभे राहिले. वीरधवल म्हणाला, मी तिकडं देशाची हद्द राखत बसलो आन् हितं तू माज्या रानाची खाल्लीस. नाथाजी म्हणाले, बाच्या शपतंवर सांगतो, नांगराचं टोक लावलं न्हाई. वीरधवल म्हणाला, मंग माजी पोरगी खोटं बोलती? तुजंच पोरगं तक्ता धरून हुबं हुतं. नाथाजींनी त्याचा हात धरायचा प्रयत्न केला. त्यानं हिसडा दिला. साठीचा माणूस मागं गेला आणि त्याचं डोकं हद्दीच्या दगडावर आपटलं. इस्लामपूरला नेलं, तिथून सांगलीला. तिसऱ्या दिवशी गेले. त्याच दिवशी वीरधवलला पोलिसांनी नेलं. तो तक्ताही नेला.

गावाला न्यायनिवाडा करायला वेळ लागत नाही. वीरधवलनं ढकलायला नको होतं, हे सगळे म्हणाले; पण म्हाताऱ्यानं बांध कोरला नसता तर ही वेळ आली नसती, हेही सगळे म्हणाले. पाण्याच्या टाकीपाशी, दूध डेअरीत, बाराव्याच्या पंगतीतसुद्धा. शाळेच्या पोरींनी गणितानं काढलेलं ते, खोटं कसं असेल? सरकारी मोजणी कुणी मागवली नाही. जे सिद्ध झालं ते कशाला परत मोजायचं?

ऋषिराजनं बापाला अग्नी दिला आणि पंधरा दिवसांनी शाळेत आला. मागच्या बाकावर बसायला लागला. शिवांजली पहिल्या बाकावर, तिथून मागं बघायची नाही. सराव परीक्षेच्या पेपरांवर तो पूर्वी पूर्ण नाव लिहायचा, आता नुसतं ऋषिराज आणि आडनाव. मधलं नाव गाळलेलं. बाई पहिल्या खेपेला पेपर हातात घेऊन रागावल्या, की बोर्डाच्या परीक्षेत असं चालत नाही, वडिलांचं नाव लिहायचं. तो खाली बघत म्हणाला, "लिवतो." पुढच्या पेपरावरही लिहिलं नाही. तेव्हा बाईंच्या ध्यानात आलं, पोराला बापाची लाज वाटते आहे. तक्ता त्यानंच धरला होता. बाप चोर आहे हे त्याला त्याच्याच हातातल्या कागदानं सांगितलं होतं.

फेब्रुवारीत अंतर्गत गुण भरायचे होते. दुपारची वेळ, प्रयोगशाळेत बाई एकट्याच, समोर वह्यांचा ढीग. तिसऱ्या गटाची वही आली. ठेवून द्यावी असं वाटलं, पण गुण तर भरायला हवेत. पान उलटलं. खोडलेला एकशे सोळा दिसला आणि त्यापुढं कंसात 'तात्यांचा टेप', तसंच दक्षिणेच्या सत्त्याऐंशीपुढंही.

बाईंनी लाल पेन खाली ठेवलं. म्हणजे बाकीच्या दोन बाजू तात्यांच्या टेपानं नव्हत्या. पाटाची बाजू चार टेप, एकशे वीस. चार वजा करा, एकशे सोळा. उत्तरेची बाजू तीन टेप, नव्वद. तीन वजा करा, सत्त्याऐंशी. चारी बाजू जुळल्या. दोन्ही कर्ण एकशे पंचेचाळीस, तेही अगदी पूर्ण. रान आयतच होतं. नाथाजींच्या वडिलांनी दोरी धरून घातलेला बांध होता तिथंच होता, बोटभरही हललेला नव्हता.

बाईंनी उठून कपाटातून टेप काढला. कडीजवळची जुनी शिवण बघितली. मग खुर्चीवर बसून दोन्ही हातांनी तोंड झाकून रडल्या. बाहेर नववीच्या पोरांचा गलका चालला होता, कुणाला ऐकू गेलं नाही.

त्या रविवारी त्या मळ्यात गेल्या. शाळेत कुणाला सांगितलं नाही. आधी पोराला त्याचा बाप परत द्यायचा, मग पोलिसांकडं जाऊन जे आहे ते लिहून द्यायचं, नोकरीचं जे होईल ते होईल, असं ठरवून गेल्या. ऋषिराजची आई शालूबाई दारात शेंगा फोडत बसली होती. तिनं घोंगडं टाकलं, पाणी दिलं. ऋषिराज गोठ्यातून हात पुसत आला. बाईंनी वही उघडून दोघांपुढं ठेवली आणि टेपाचं, वजाबाकीचं, त्या शनिवारचं, सगळं सांगितलं. काही लपवलं नाही.

शालूबाईनं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "माजा मालक बांधाला हात लावणारा न्हवता ह्ये मला ठावंच हुतं, बाई. त्याला तुमचा टेप कशाला पायजे? पंचवीस वर्सं त्या माणसाबरं काडली मी. आता तुमी सांगाय आलाय. आवं, तवा सांगायचं की." ती रागानं बोलली नाही. रागावली असती तर बाईंना बरं वाटलं असतं. ती शेंगांचं सूप उचलून आत निघून गेली.

ऋषिराज वहीवर वाकला होता. त्यानं खोडलेल्या आकड्यावर बोट ठेवलं.

"म्हंजे माजं एकशे सोळा बरोबर हुतं, बाई?"

"बरोबर होतं. तुझंच बरोबर होतं, बाळा. तुझ्या वडिलांचं बरोबर होतं."

बाईंना वाटलं, आता हा रडेल आणि मोकळा होईल. तो रडला नाही. त्याचा चेहरा हळूहळू असा झाला की बाईंना त्याच्याकडं बघवेना.

"मी टेप धरला हुता. आकडा माज्या डोळ्यांपुढं हुता," तो म्हणाला. "मला ठाव हुतं आमी नीट मोजलंय. तिनं खोडलं आन् मी म्हणलं, माजंच चुकलं आसल. मी एकदा जरी म्हणलो आसतो, चल शिवा, परत मोजू..."

बाई हबकल्या. पोराच्या डोक्यावरचं ओझं उतरवायला म्हणून आल्या होत्या आणि त्याहून जड ओझं त्याच्या डोक्यावर ठेवलं होतं. बाप चोर नव्हता हे कळलं, आणि त्याच वाक्यात बापाला आपण वाचवू शकलो असतो हेही कळलं.

"चूक तुझी नाही, तिचीही नाही. चूक माझी आहे. मी उद्याच जाऊन तसं लिहून देणार आहे."

त्यानं झटकन मान वर केली. "शिवाला सांगू नका."

"अरे, पण तुझ्या वडिलांना गाव..."

"काका न्हाई आता लवकर सुटायचं. तात्या परत येणार न्हाईत. ऱ्हायली ती. ती काय म्हणती ठाव हाय? म्हणती, माज्या बाऽच्या हातनं वंगाळ झालं, पण त्यो खोटा न्हवता. तेवढ्यावर जगतीया ती. ह्ये तिनं तिच्या हातानं खोडलंय, बाई. तिला कळलं तर ती काय करून घील सांगता याचं न्हाई." त्यानं वही बाईंकडं सरकवली. "तिचा बा तरी बरोबर आसू दे."

"खोटं कसं लपवायचं रे?"

"तुमी लिवून दिलंत तर मी म्हणीन, एकशे सोळा मीच मागनं लिवलं. तात्यांचं नाव राकाय खोटं लिवलं म्हणीन. मंग बगा तुमचं कोण ऐकतंय."

सोळा वर्षांचं पोर. बाईंनी वही मिटली. आणि खरं सांगायचं तर, आतून कुठंतरी त्यांना सुटल्यासारखं वाटलं. हे त्यांनी पुढं स्वतःशी कबूल केलं आणि त्याबद्दल स्वतःला कधी माफ केलं नाही. पोरानं अडवलं म्हणून गप्प बसले, असं म्हणायला सोपं होतं. नोकरी राहिली, शाळेचं नाव राहिलं, रोज स्कूटीवरून जाताना कुणी बोट दाखवलं नाही. त्या मोठ्या होत्या, तो लहान होता. त्यानं नाही म्हटलं तरी जायचं होतं त्यांनी. गेल्या नाहीत.

मार्चात दोघांनीही परीक्षा दिली. एप्रिलच्या शेवटी शिवांजलीचा फोन आला, "बाई, घरी या की एकदा. बगायला या." फार दिवसांनी पोरीच्या आवाजात जीव होता. बाई गेल्या.

ऊस तुटून गेला होता. रान उघडं, लांबवर दिसत होतं. दक्षिणेच्या अंगाला ऋषिराज उघड्या अंगानं कुदळ मारत होता. जुना बांध त्या टोकाला फोडला होता आणि तीन मीटर पलीकडं, त्याच्या स्वतःच्या रानात, नव्या मातीचा बांध धरला होता. उत्तरेच्या कोपऱ्यापासून तिथपर्यंत दोरी ताणली होती. दोरीचं एक टोक शिवांजलीच्या हातात होतं. पाटाच्या पुलावर चारदोन माणसं उभी राहून बघत होती. त्यातलं एक जण म्हणालं, पोरगं शाणं निगालं, बानं खाल्लेलं पोरानं परत दिलं. ऋषिराजला ते ऐकू गेलं असणार. त्यानं कुदळ थांबवली नाही.

"त्यानं आपणहून काढलं, बाई," शिवांजली पळत येऊन सांगू लागली. "मी एका शब्दानं म्हणलं न्हाई. परवा आला आन् म्हणला, तुमचं तुमाला घ्या. चार म्हैन्यांनी बोलला माज्याशी. आई तर रडायलाच लागली. आता पप्पांना भेटाय गेलं की सांगणार हाय." बोलता बोलता तिचे डोळे भरून आले आणि तरी ती हसत होती. "आता झाला न्हवं आयत?"

बाईंनी त्या बांधाकडं पाहिलं. उत्तरेला सत्त्याऐंशी. दक्षिणेला आता नव्वद. जन्मभर सरळ असलेला बांध आज पहिल्यांदा तिरका झाला होता. ऋषिराजनं कुदळ खाली टेकवली आणि पहिल्यांदाच बाईंकडं बघितलं.

"झाला," बाई म्हणाल्या.

"मोजून बगू का, बाई? दोनीकडं?"

"नको," विजयमाला बाई म्हणाल्या. "मोजायला नको. बरोबर आहे."